घरचा संगणक : म्हातारा की आजारी?



मागच्या महिन्यात एका मित्राचा फोन आला. "अरे, आमचा डेस्कटॉप पार मंदावलाय. सकाळी बटण दाबायचं, चहा करून प्यायचा, तेव्हा कुठे स्क्रीन जागा होतो. 2014 चा आहे, म्हातारा झाला. टाकून देतो झालं!"

मी विचारलं, "काका-काकू पहिल्यांदा इथे आले होते, त्या 1996 च्या व्हिडिओ कॅसेट तू त्याच्यावरच उतरवून ठेवल्यास ना?"

फोनवर दोन मिनिटं शांतता. मूळ कॅसेट घर बदलताना गेल्या. काका आता नाहीत. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

म्हणून नियम पहिला : आधी प्रत, मग दुरुस्ती. संगणक मंद होण्यामागे हार्ड डिस्क खराब होत चालली असण्याची शक्यता असते. फाइल उघडताना अडकते, आतून टक् टक् आवाज येतो, अशी लक्षणं दिसली तर साफसफाईचे प्रोग्रॅम चालवत बसू नका. सगळ्यात मोलाचं आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. आवाज फारच वाढला असेल तर संगणक बंद करून जाणकाराला दाखवा. आणि हो, शिवाजी किंवा श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं, मंडळाची इतिवृत्तं असतील, तर ते फॉन्टही बरोबर घ्या. नाहीतर फाइल वाचेल, पण मराठीच्या जागी अगम्य चिन्हं दिसतील!

प्रत झाली, की निदान. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. संगणक रखडलेला असतानाच त्यातले तीन आकडे बघा.

सीपीयू सतत 100 टक्क्यांजवळ असेल, तर कोणता प्रोग्रॅम तो खातोय ते तिथेच दिसतं. पंखा घोंघावत असेल तर आतली धूळही काढा. उष्णता वाढली की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो.

मेमरी भरलेली असेल, तर संगणक उरलेलं काम डिस्कवर ढकलतो आणि रखडतो. अशा वेळी मेमरी वाढवून खरोखर फरक पडतो.

पहिले दोन्ही आकडे कमी, पण डिस्क मात्र 100 टक्क्यांवर अडकलेली, असं असेल तर अडचण डिस्कमध्येच आहे. मित्राकडे नेमकं हेच होतं, आणि दुकानदार मात्र त्याला मेमरी वाढवायला सांगत होता! जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते, बहुधा मिनिटाला 7200 फेरे, आणि वाचणारी सुई प्रत्येक फाइलसाठी इकडून तिकडे धावते. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं.

आम्ही स्टार्टअपच्या यादीतले नको ते प्रोग्रॅम बंद केले. थोडा फरक पडला. मग जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर उतरवली, वायर भिंतीतून काढली, झाकण उघडलं आणि डिस्क बदलली. आत हात घालण्याआधी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. दुपार गेली खरी, पण आता दूध तापायच्या आत संगणक तयार असतो.

तरी एक इशारा. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, आणि 2014 च्या संगणकाचा प्रोसेसर विंडोज 11 च्या अटींत बसत नाही. म्हणजे वेग परत आला तरी सुरक्षितता आपोआप येत नाही. मित्राने बँकेचे व्यवहार दुसऱ्या संगणकावर नेले. हा आता फोटो, व्हिडिओ आणि मराठी टायपिंगपुरता, इंटरनेटची वायर काढून. ज्यांना इंटरनेट हवंच, त्यांनी लिनक्स मिंट बसवून बघायला हरकत नाही.

त्या व्हिडिओच्या आता तीन प्रती आहेत. एक मित्राकडे, एक बहिणीकडे पुण्याला आणि एक मुलीकडे. तुमच्या बेसमेंटमधल्या पेटीत काय काय आहे, ते येत्या शनिवारीच बघा. म्हातारा संगणक चालवून घेता येतो, गेलेला आवाज परत मिळत नाही.

पुढच्या अंकात : जुन्या फॉन्टमधलं मराठी युनिकोडमध्ये कसं आणायचं. तोवर तुमचे प्रश्न जरूर कळवा.