वर्षाचा सण आहे, जाऊ दे की

बापाची साठी. घरचंच हॉटेल पाहुण्यांनी भरलेलं, जेवणं सुरू झालेली. थोरल्या मुलाने दोन भाषणं लिहून आणलीत, एक हिरव्या कागदावर, एक पिवळ्या. कुठलं वाचू, ते बापानेच सांगायचं. बाप हिरवं निवडतो. मुलगा शांतपणे वाचतो: लहानपणी वडील माझ्यावर आणि माझ्या जुळ्या बहिणीवर लैंगिक अत्याचार करायचे. त्या बहिणीने नुकताच जीव दिलेला असतो.

त्यानंतर जेवण चालूच राहतं.

थॉमस विंटरबर्ग यांच्या १९९८ च्या ‘फेस्टेन’ या डॅनिश चित्रपटातला खरा धक्का मला या चालू राहण्यात वाटतो. एक म्हातारा भलताच किस्सा सांगू लागतो, पेले भरले जातात. हातात धरलेला कॅमेरा, वेगळे लावलेले दिवे नाहीत, पार्श्वसंगीत नाही. एखाद्या भाच्याने घरचा कार्यक्रम टिपावा तसं सगळं. त्यामुळे बघणाराही त्याच पंगतीत जाऊन बसतो. काही पाहुणे निसटू बघतात, पण मुलाचा बालमित्र असलेल्या आचाऱ्याने मोलकरणींकरवी सगळ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या लपवून ठेवलेल्या असतात. आता ऐकावंच लागेल.

आपल्याकडे किल्ल्या लपवणारा आचारी सहसा भेटत नाही. दिवाळीला सोलापूर, पुणे, हैदराबादहून माणसं आमच्या नळदुर्गाला येतात, पोरं किल्ला बघायला जातात, आणि दुपारी माजघरात एखादी आत्या काहीतरी बोलायला तोंड उघडते. लगेच कुणीतरी चिवड्याचं ताट पुढे सरकवतं. “वर्षाचा सण आहे, जाऊ दे की.” झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ एकट्या अपराध्याने झाकलेली नसते. सगळ्या घराचे हात त्यावर असतात, आणि सर्वांत घट्ट हात बहुधा प्रेमळ माणसांचे.

मराठीत हे कुणी दाखवलंच नाही असं नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘दोघी’त (१९९५) लग्नाच्या दिवशीच नवरदेव अपघातात जातो, मुलगी पांढऱ्या पायाची ठरते आणि तिला मुंबईला धाडलं जातं. तिथे ती शरीर विकते. तिच्या पैशावर घर सावरतं, आणि तीच घरी आली की तिला कुठे बसवावं हा प्रश्न पडतो. तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी रंगमंचावर आणलं. नाटकातल्या बाईच्या लुगड्यावरच्या रक्ताच्या डागाला परीक्षण मंडळाने हरकत घेतली. मग डाग निळा झाला, आणि तो लाल समजावा असं प्रेक्षकांना आधीच सांगितलं गेलं. घरातलं घरात ठेवण्याचं वळण सरकारपर्यंत पोचलेलं होतं, दुसरं काय!

आमच्या गावाचाही यात एक धागा आहे. १८५० च्या दशकात इथे अधिकारी म्हणून राहिलेल्या मेडोज टेलर यांची ठगांवरची कादंबरी त्याआधीच, १८३९ मध्ये, आली होती. तिच्यातल्या अमीर अलीला ज्यांनी लहानाचं मोठं केलं, त्या ठगांच्याच टोळीने त्याच्या आईबापांना मारलेलं असतं. हे त्याला कुणी सांगत नाही. पुढे त्याच्याच हातून, न ओळखता, सख्ख्या बहिणीचा गळा आवळला जातो.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं होतं, आणि करणाऱ्यांत ओळखीचे, विश्वासातले लोक मोठ्या संख्येने होते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असं काही कळूनही न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणजे कायद्याने पंगतीतल्या पाहुण्यालाही धरलं.

यंदाच्या आमच्या दिवाळी अंकासाठी ‘घरातलं न बोललेलं’ हा विषय घेतला तेव्हा एक अडचण समोर होती. ‘फेस्टेन’चं बीज डॅनिश रेडिओवर एका माणसाने सांगितलेल्या आपबीतीत होतं; ती बनावट असल्याचं त्यानेच पुढे कबूल केलं. चित्रपटाचं त्याने काही बिघडत नाही, कारण चित्रपट पंगतीविषयी आहे आणि पंगत खरी आहे. आठवणी छापणाऱ्या अंकाला मात्र तेवढं म्हणून सुटता येत नाही. म्हणून प्रत्येक लेखकाशी समोरासमोर बसून बोललो. जिथे सांगणारा एक आणि आरोप दुसऱ्यावर, तिथे गावं आणि नाती बदलली, आणि तसं लेखाखाली लिहिलंही आहे. एका बाईंनी मजकूर जुळवून झाल्यावर लेख परत मागितला. दिला. का, ते विचारलं नाही.

आता एक विनंती. गाव लहान आहे; लेख वाचून “हे अमक्यांच्या घरचं ना?” असं विचारायला कार्यालयात गर्दी होणार, हे दिसतंच आहे. या, बसा, चहा घ्या. नाव मिळणार नाही. आणि असंच काही स्वतःचं सांगायचं असेल, तर दुपारी तीननंतर या. तेव्हा कार्यालयात दुसरं कुणी नसतं.