सुट्टीचा आठवडा: नवा की जुना?

मॉलमध्ये सहज भरलेल्या कुपनावर फोन येतो, 'बक्षीस लागलंय, दोघं जोडीनं या.' मुलुंडमधल्या कित्येक घरांना हा फोन ओळखीचा आहे. बक्षीस किरकोळ असते. खरा बेत असतो दोन तास बसवून टाइमशेअर गळ्यात मारण्याचा. त्यातून 'सवलत फक्त आजच' म्हटले की नवराबायको एकमेकांकडे बघतात आणि सही होते! युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशाने ग्राहकाला फेरविचारासाठी १४ दिवस दिले आणि त्या मुदतीत पैसे घेण्यास बंदी घातली. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही.

महिंद्रने १९९६ मध्ये हा धंदा सुरू केला, तेव्हापासून २५ वर्षांचे सभासदत्व मध्यमवर्गाच्या परिचयाचे झाले. नव्या सभासदत्वाच्या किमतीत जाहिरात, कमिशन आणि ते बक्षीसही आलेच. म्हणून जुन्या सभासदाकडे तोच आठवडा स्वस्तात मिळू शकतो. मात्र उरलेली वर्षे किती, वार्षिक शुल्काची थकबाकी किती, नाव बदलण्याचा खर्च किती आणि कोणत्या सवलती नव्या मालकाला मिळत नाहीत, हे कंपनीकडून लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वार्षिक शुल्क, सहलीला जा अथवा न जा, भरावेच लागते.

आमच्या मते, नवे घेणाऱ्यानेही आधी जुन्याचा बाजारभाव काढावा. उद्या आपल्याला विकायचे झाले तर हाती तेवढेच येणार. 'गुंतवणूक' म्हणणाऱ्या विक्रेत्याला तोच आठवडा परत किती रुपयांना घेणार, एवढे कागदावर लिहून मागावे.