शेततळ्याच्या काठावर एक दोर हवाच!



'अपघात टाळा, जीव वाचवा' या विषयावर आपली मुलं छान निबंध लिहितात. हेल्मेट, सीटबेल्ट, झेब्रा क्रॉसिंग सगळं त्यात असतं. पण आपल्या गावात झेब्रा क्रॉसिंग किती आणि शेततळी किती, हे एकदा मोजून बघा. माझं स्पष्ट मत आहे की सुरक्षिततेचा धडा मुलांच्या घराजवळच्या धोक्यापासून सुरू व्हायला हवा.

२०१६ मध्ये राज्यात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली. शेततळं वाईट नाही, कोरडवाहू शेतकऱ्याला ते हवंच. पण ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळं भरलं, म्हणजे जवळपास दहा फूट पाणी. नदीला उथळ काठ असतो, बऱ्याच विहिरींना पायऱ्या असतात. शेततळ्याच्या उतारावर मात्र प्लॅस्टिकचा कागद असतो आणि त्यावर शेवाळ धरतं. पाय घसरला की हाताला धरायला काहीच नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथून वर येणं अवघड जातं. त्यामुळे 'आमच्या पोराला पोहता येतं' म्हणून निर्धास्त राहू नका.

अशा बातम्यांमध्ये अनेकदा एकापेक्षा जास्त नावं असतात. एक जण घसरतो, त्याला वाचवायला भाऊ उतरतो, मग आई धावते. माया असते, धाडसही असतं. फक्त दोर नसतो. शिवाय बुडणारा माणूस सिनेमात दाखवतात तसा ओरडत नाही. तोंड पाण्याखाली गेलं की आवाज निघत नाही, म्हणून जवळ असूनही कुणाला कळत नाही.

कुणी वाचलं तर आपण म्हणतो, 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.' कुणी गेलं तर 'नशीब' म्हणतो. दोन्ही वेळा आपण आपली जबाबदारी दैवावर ढकलतो. मग चार दिवस हळहळ, आणि कुंपण घालायची चर्चा. यालाच 'बैल गेला नि झोपा केला' म्हणतात!

करायचं काय? फार मोठं काही नाही.

१. तळ्याभोवती तारेचं कुंपण आणि कुलूप लावता येईल असं फाटक.
२. चारही बाजूंना खुंट्याला बांधलेला, गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडलेला.
३. काठावर टायरची हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेला, दोर बांधलेला रिकामा कॅन. दहा लिटरचा कॅन पाण्यात साधारण दहा किलोचा आधार देतो.
४. मुलांना एकच नियम पाठ हवा : आधी हाक, मग दोर, उडी नाही.
५. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नये, त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास बंद असेल तर तोंडाने श्वास देणं आणि छातीवर दाब देणं लगेच सुरू करावं. दुसऱ्याने १०८ किंवा ११२ ला फोन करावा. हे आरोग्य केंद्रातल्या जाणकारांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावं.

'शिक्षकांवर आधीच कामं कमी आहेत का?' असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण यासाठी वेगळा तास लागत नाही. घर्षण आणि प्लावक बल आपण विज्ञानात शिकवतोच. कॅन का तरंगतो, शेवाळावरून पाय का घसरतो, हे तिथेच सांगा. कॅनला दोर बांधून मैदानावर नेम धरून फेकायला लावा. खेळाचा तासही सार्थकी लागेल. परिसर अभ्यासात मुलांकडून गावातल्या पाणवठ्यांचा नकाशा करून घ्या आणि कुठे कुंपण आहे, कुठे नाही, यावर खुणा करा. तो नकाशा शाळा व्यवस्थापन समितीने ग्रामसभेत मांडावा. मुलांनी केलेला नकाशा बाजूला सारणं मोठ्यांना जड जातं.

पालकांनो, 'पाण्याकडे जाऊ नको' एवढं सांगून भागत नाही. शेळ्यांमागे, चेंडूमागे मुलं जाणारच. दिवाळीच्या सुट्टीत मुलं दिवसभर शेतावर असतात आणि पावसाळ्यानंतर तळीही काठोकाठ असतात. तळं खोदायला इतका खर्च केला, तिथे दोराचा खर्च तो काय? सुट्टी लागण्याआधी आपल्या आणि शेजाऱ्याच्या तळ्यावर दोर बांधला आहे का, एवढं बघून या.