महागाई कोणाची मोजतात?



रत्नागिरीत ना आपला कापूस, ना आपली ज्वारी. तरीही पेन्शनीच्या महागाई वाढीचा विषय आम्ही तिथूनच काढतो आहोत. मुंबईच्या गिरण्यांत कापसाचे सूत ज्यांनी काढले, त्यांतले हजारो त्याच जिल्ह्यातले.

तिथल्या एका वाडीत दोन म्हातारे शेजारी राहतात असे समजा. एक निवृत्त गुरुजी, १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नोकरीला लागलेले. दुसरे गिरणी कामगार, १९८२ च्या संपातून तगून गिरणी बंद पडेपर्यंत साच्यावर उभे राहिलेले.

गुरुजींची पेन्शन महागाईला बांधलेली आहे. औद्योगिक कामगारांचा किंमत निर्देशांक चढला की जानेवारी आणि जुलैपासूनची वाढ ठरते. हप्ता कधी उशिरा येतो, पण सूत्र पक्के. हीच जुनी पेन्शन परत मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी संपावर गेले.

कामगाराचाही महागाई भत्ता नोकरीत असताना निर्देशांकाला बांधलेला होता. निवृत्त झाला आणि दोर तुटला. भविष्य निधीच्या १९९५ च्या योजनेत महागाई वाढ नाही. २०१४ मध्ये किमान पेन्शन महिना १,००० रुपये ठरली. दहा वर्षांनंतरही हजारच. तेल, मीठ, औषध मात्र दोघेही एकाच दुकानातून घेतात.

गुरुजींवर आमचा राग नाही. म्हातारपणी पैशाची किंमत घटू नये, हा त्यांचा हक्कच आहे. प्रश्न असा की, हे शहाणपण सरकारला एकाच घरापुरते का सुचते?

आता आपले घर पाहा. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये २०१९ मध्ये सुरू झाले. २०२५ मध्येही ६,०००च. खत, मजुरी, फवारणी तिथेच थांबली काय? हमीभाव दरवर्षी वाढतो खरा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये जाहीर झाले. पण त्याच ऑगस्टमध्ये कापसाचे आयात शुल्क उठवले, ते वर्षअखेरपर्यंत. गुरुजींची वाढ खात्यात जमा होते; आपली वाढ बाजारात शोधावी लागते.

त्याहून वाईट पुढे आहे. त्या निर्देशांकात सुमारे ३९ टक्के वजन खाण्यापिण्याचे. डाळ महागली की पगारदाराला भरपाई मिळते. मग त्याच महागाईच्या नावाने २०२१ पासून तुरीची आयात कशाला खुली केली? कपाशीच्या ओळींत तूर घेणाऱ्याने एकाच महागाईचा दंड दोनदा का भरायचा? खर्च वाढतो तेव्हा एकदा, भाव पाडतात तेव्हा दुसऱ्यांदा.

म्हणून जिल्हा बैठकीत दोन ठराव घ्यावेत. सरकार ठरावीक रुपयांत जे देते, मग ते गिरणी कामगाराला असो, निराधाराला असो की शेतकऱ्याला, ते निर्देशांकाला बांधावे. आणि महागाईची भरपाई तिजोरीतून द्यावी, आमच्या मालाचे भाव पाडून नव्हे.

कोणाची पेन्शन कापा, असे आम्ही म्हणत नाही. माप सर्वांना एकच लावा, एवढेच म्हणतो.