रंग तिसाव्या दिवशी बघावा



सध्या मुक्काम भिलाई. स्टील प्लांटच्या गेटवर पासवरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून बघणं हे माझं काम. त्यामुळे कोणी केस रंगवले की पहिल्यांदा आम्हाला कळतं. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी सिव्हिक सेंटरपासून सुपेल्यापर्यंत सगळी सलून भरलेली असतात. फोन पुढे करून 'असा रंग द्या' म्हणायचं, आणि दोन-तीन तासांनी खुर्चीतून वेगळाच माणूस उठतो! हौस आहे, करावी. पण रंग निवडताना आपण पहिल्या दिवसाचा विचार करतो, आणि माझ्या मते तिथेच चुकतं. रंग बघायचा तो तिसाव्या दिवसाचा.

केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात. म्हणजे महिन्याभरात मुळाशी तुमचा खरा रंग हजर. नवा रंग त्याच्यापासून जितका लांबचा, तितकी ती रेघ ठळक. चाळिशी ओलांडलेले आमचे जवान सुट्टीवर जाताना काळाकुट्ट रंग लावतात. घरी पहिला आठवडा रुबाब, आणि परत येईपर्यंत कानशिलावर पांढरी पट्टी. शिवाय वयाबरोबर चेहऱ्याचा वर्ण बदललेला असतो, त्यावर गडद काळा रंग टोपीसारखा बसतो. त्यापेक्षा गडद ब्राऊन घ्या, चेहरा मऊ दिसतो आणि वाढलेले पांढरे केस त्यात मिसळून जातात.

दुसरी गोष्ट तरुण पोरापोरींसाठी. सलूनच्या शेडकार्डावर बहुधा १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे सर्वात फिकट सोनेरी. आपले केस १ ते ३ मधले. फोटोतली परदेशी नटी ८ किंवा ९ वर असते. तिथवर जायला ब्लीच लागतं, आणि काळा केस फिकट होताना आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा होतो. भिलाईकरांना हे सांगायला नको, तापणारं लोखंड याच क्रमाने रंग बदलतं! फरक एवढाच, की लोखंड थंड होऊन पुन्हा घट्ट होतं, जळलेला केस होत नाही. तो कापावाच लागतो. गव्हाळ-सावळ्या वर्णावर चॉकलेटी, चेस्टनट, महोगनी, बरगंडी हे जवळचे रंग खुलतात. फार राखाडी झाक घेतली तर चेहरा आजारल्यासारखा दिसतो. शेड ट्यूबलाइटखाली ठरवू नका, कार्ड घेऊन दारात या आणि उन्हात बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक पक्क्या काळ्या-ब्राऊन रंगांत पीपीडी नावाचं रसायन असतं. बाजारातल्या 'काळ्या मेंदी'तही ते पुष्कळदा मिसळलेलं असतं. खरी मेंदी काळी नसतेच, ती पांढऱ्या केसांना तांबूस करते. पीपीडीची ॲलर्जी वर्षानुवर्षं रंग लावणाऱ्यालाही अचानक होऊ शकते. टाळूला खाज, डोळे आणि तोंड सुजणं, क्वचित श्वास अडकणं. म्हणून रंगाच्या ४८ तास आधी कानामागे थोडा लावून बघा, दरवेळी. सूज किंवा दम लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आधी मेंदी लावली असेल तर तेही सलूनवाल्याला सांगा. काही पुड्यांत धातूचे क्षार असतात, त्यावर ब्लीच पडलं की केस गरम होऊन तुटतात.

'घाई आहे, टेस्ट कशाला' म्हणणाऱ्या सलूनमधून उठून या. मुलीचं लग्न परवावर आलं असेल तर नवा रंग आज नको, नेहमीचाच बरा. नवीन हत्यार आम्ही आधी रेंजवर चालवून बघतो, थेट मोहिमेवर नेत नाही. डोक्याच्या बाबतीत एवढी शिस्त पाळायला काय हरकत आहे?

आणि पांढरे केस ठेवायचे असतील तर खुशाल ठेवा. ते कमावलेले आहेत.

जय हिंद!