विश्लेषण : पायथा घराजवळ, शिखर टांझानियात! ज्वालामुखीच्या ‘व्हर्च्युअल’ धावेतील पदक नेमके कशाचे?

सकाळी घराजवळच्या मैदानावर फेऱ्या मारायच्या, मोबाइलने त्या मोजायच्या आणि पडद्यावरचा ठिपका मात्र किलिमांजारोच्या उतारावर वर सरकत जायचा. ठरलेले अंतर पूर्ण झाले की ज्वालामुखीची आकृती असलेले जड, रंगीत पदक टपालाने घरी. समाजमाध्यमांवर अशा ‘व्हर्च्युअल चॅलेंज’च्या जाहिराती सध्या धावणाऱ्यांच्या आणि न धावणाऱ्यांच्याही मोबाइलवर सतत दिसतात. शुल्क भरण्यापूर्वी हा प्रकार समजून घ्यायला हवा.

ही स्पर्धा चालते कशी?

नावनोंदणी करून शुल्क भरायचे, एकूण अंतर आणि मुदत निवडायची आणि रोजचे अंतर ॲपवर नोंदवायचे. मनगटावरचे घड्याळ किंवा स्ट्राव्हासारखे ॲप जोडले तर नोंद आपोआप होते. नाहीतर आकडा हाताने भरता येतो. ‘द कॉन्करर’सारख्या मालिकांमध्ये फुजी आणि किलिमांजारो हे दोन्ही ज्वालामुखी आहेत. तिथे ठरावीक टप्प्यांवर त्या परिसराची माहिती देणारी डिजिटल पोस्टकार्डे मिळतात. बहुतेक ठिकाणी धावण्याची सक्तीही नसते. चालणे, सायकल, ट्रेडमिल सारेच चालते.

करोनाचा संबंध काय?

हा प्रकार आधीपासून होता, पण त्याला खरी गती दिली ती टाळेबंदीने. २०२० मध्ये बोस्टन मॅरेथॉन प्रत्यक्ष रस्त्यावर होऊ शकली नाही. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला लंडन मॅरेथॉनमध्ये निवडक अव्वल धावपटूच प्रत्यक्ष धावले. बाकीच्यांनी आपापल्या गावात, २४ तासांच्या मुदतीत ४२.१९५ किलोमीटर पूर्ण करून ॲपवर नोंद केली. अशी नोंद करणाऱ्या ३७,९६६ जणांचा गिनीज विक्रम झाला. दिल्ली हाफ मॅरेथॉननेही त्या नोव्हेंबरमध्ये हौशी धावपटूंसाठी हाच मार्ग निवडला. साथ ओसरल्यावर रस्त्यावरच्या शर्यती परतल्या. व्हर्च्युअल स्पर्धांचा बाजार मात्र टिकला. रस्ता बंद करणे नाही, पाण्याचे स्टॉल नाहीत, रुग्णवाहिका नाही. आयोजकाच्या हाती उरते ते ॲप आणि पदक. पदके एवढी देखणी का असतात, याचे उत्तर इथेच आहे.

ज्वालामुखीच का?

फुजीचा त्रिकोण जगात कुणीही ओळखतो आणि लाल-केशरी लाव्हा पदकावर शोभून दिसतो. शिवाय प्रत्यक्षात या पर्वतांवर जाणे खर्चाचे आणि कधी कधी जिवावरचे असते. गर्दी आवरण्यासाठी फुजीच्या योशिदा मार्गावर २०२४ पासून दिवसाला चार हजार जणांची मर्यादा आणि शुल्क लागू झाले. जपानच्याच ओंताके पर्वतावर २७ सप्टेंबर २०१४ रोजी, शनिवारी भरदुपारी, ट्रेकर शिखरावर असताना उद्रेक झाला आणि मृत व बेपत्ता मिळून ६३ जण गमावले. त्या वेळी धोक्याचा इशारा सर्वात खालच्या पातळीवर होता. इंडोनेशियातील मरापीवर डिसेंबर २०२३ मध्ये वीसहून अधिक गिर्यारोहकांचा जीव गेला. पडद्यावरच्या चढाईत यातले काहीच नसते. मग ‘ज्वालामुखी सर केला’ या शब्दांत उरते काय?

अंतर मोजले, चढ कुठे गेला?

खरी गोम इथे आहे. बहुतेक व्हर्च्युअल आव्हाने फक्त किलोमीटर मोजतात, उंची मोजत नाहीत. किलिमांजारो ५,८९५ मीटर उंच आहे. मरांगू प्रवेशद्वारापासून शिखरापर्यंतची निव्वळ चढाई सुमारे चार हजार मीटरची, तीही विरळ होत जाणाऱ्या हवेत. सिंहगड आतकरवाडीतून चढायचा तर उंची साधारण सहाशे मीटर वाढते. म्हणजे किलिमांजारोसाठी तो जवळपास सात वेळा चढावा लागेल. फुजीवर बहुतेक जण योशिदा मार्गाच्या २,३०० मीटरवरील ‘पाचव्या स्थानका’पासून सुरुवात करतात. तरीही ३,७७६ मीटरच्या माथ्यापर्यंत सिंहगडाच्या सुमारे अडीचपट चढ उरतोच. सोसायटीच्या सपाट रस्त्यावर हेच अंतर कापणे व्यायाम म्हणून उत्तम, पण ती चढाई नव्हे. ‘एव्हरेस्टिंग’ या प्रकारात एकच टेकडी पुन्हा पुन्हा चढून एका दमात ८,८४८ मीटर उंची भरावी लागते. तिथे निदान मोजले जाते ते चढणेच.

गंमत अशी, की महाराष्ट्रातील धावणाऱ्यांना लाव्हा शोधायला टांझानिया गाठण्याची गरजच नाही. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून थरावर थर साचून तयार झाला. यवतेश्वरचा घाट चढणारे सातारा हिल हाफ मॅरेथॉनचे धावपटू थिजलेल्या लाव्हावरूनच धावतात.

मग पदकाला अर्थ काय?

स्पर्धेतील यश म्हणून फारसा नाही. हाताने भरलेला आकडा कुणी तपासत नाही. सारा मामला प्रामाणिकपणावर चालतो. व्हर्च्युअल धावेतील वेळ बोस्टनसारख्या शर्यतीच्या पात्रतेसाठी चालत नाही, त्यासाठी प्रमाणित मार्गच लागतो. पण जो माणूस एरवी घराबाहेर पडला नसता, त्याच्यासाठी पडद्यावरचा ठिपका हे रोज उठण्याचे कारण ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाचा सल्ला देते आणि दोन-तीन महिन्यांची मुदत त्यासाठी सोयीची असते. धोका मुदत संपत आल्यावर असतो. मागे पडलेले किलोमीटर शेवटच्या आठवड्यात भरून काढण्याच्या नादात गुडघे आणि नडगी दुखावतात. त्यामुळे नोंदणी करताना लांबची मुदत घेतलेली बरी.

पैसे भरताना आणखी काय पाहावे?

पदक कुठून येणार हे आधी पाहावे. परदेशातून पाठवले जाणार असेल तर टपालखर्च वेगळा असू शकतो आणि पार्सलवर सीमाशुल्कही लागू शकते. अंतर अपूर्ण राहिल्यास मुदतवाढ मिळते का आणि शुल्काचे काय होते, हेही वाचावे. काही आयोजक अंतर पूर्ण न करताही पदक विकतात. तसे असेल तर ते सरळ स्मरणचिन्ह समजावे.

शेवटचा मुद्दा ठिकाणाच्या माहितीचा. स्ट्राव्हाने प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशावर जानेवारी २०१८ मध्ये सीरिया, अफगाणिस्तानातील लष्करी तळांचे आराखडे उमटलेले लक्षात आले. जवानांच्या रोजच्या धावण्याच्या रेषांनीच ते उघड केले होते. रोज पहाटे एकाच फाटकातून निघणारी रेषा घराचा पत्ता आणि घर रिकामे असण्याची वेळ दोन्ही सांगते. ॲप जोडताना नोंद सार्वजनिक ठेवू नये आणि सुरुवात-शेवटाचा भाग लपवण्याची सोय असल्यास पहिल्याच दिवशी ती सुरू करावी.