चिमणीतला वायू आणि बांधावरचं झाड



परवा शेतकरी मेळाव्यात एकाने विचारलं, “साहेब, चिमणीतला कार्बन वायू आता यंत्रानं धरतात म्हणे. मग बांधावर झाडं कशाला लावायची?” प्रश्न रास्त आहे.

माझं गाव घाटाखाली, रत्नागिरी जिल्ह्यात. तिथे जयगडला कोळशावरचे १२०० मेगावॅटचे वीज केंद्र आहे. कोळशाच्या धुरात हा वायू शेकडा १२ ते १५ च असतो. तो वेगळा करायला रासायनिक द्रावण लागते, आणि ते द्रावण पुन्हा तापवायला भरपूर वाफ. तेवढी वीज कमी. मळीच्या आंबवणीतून निघणारा वायू मात्र जवळजवळ शुद्ध, किलोभर अल्कोहोलमागे सुमारे ९५० ग्रॅम. यंत्र बसवायचेच तर आधी डिस्टिलरीवर बसवावे, असे माझे मत. पण तोच वायू सोडावॉटरला विकला, तर बूच उघडताच परत हवेत!

झाडाचंही तसंच. रोजगार हमीच्या १९९० च्या फळबाग योजनेत वडिलांनी लावलेली काजू कलमं अजून उभी आहेत, कारण दर हिवाळ्यात भोवतीचं गवत काढून ती वणव्यापासून राखली. शेजारच्या डोंगरावरची वणव्यात गेली, धरलेला वायूही धुरात गेला. म्हणून लागवडीचे आकडे मला सांगू नका. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगली ते सांगा. आणि यंदा खोडव्यात पाचट ठेवा. पेटवलंत तर बांधावरचं रोप आधी करपतं.